एसएसबीनंतरचं मेडिकल : नक्की काय काय बघतात?

चोपडेकर_सीडीएस

मंडळी, नमस्कार. सीडीएसची (पदवीनंतर फौजेत अधिकारी व्हायची यूपीएससीची परीक्षा) लेखी निघाली, पहिली पसंती आयएमए (डेहराडूनची सैन्य अकादमी) दिली होती, आणि आता एसएसबीचं (अधिकारी निवडायची पाच दिवसांची मुलाखत-चाचणी) बोलावणं भोपाळचं आलंय. क्लासवाले आणि युट्यूबवाले पीपीडीटी (चित्र बघून गोष्ट लिहायची चाचणी), ग्रुप टास्क, इंटरव्ह्यू यांवर तासन्‌तास बोलतात. मेडिकलचा विषय काढला की "आधी रेकमेंड (एसएसबीत निवड) तर हो" म्हणून तोंड बंद करतात. मला ते आत्ताच कळायला हवंय, कारण माझ्या अंगाची यादीच मोठी आहे.

चष्मा आहे, उजवा उणे २.२५ आणि डावा उणे २. उंची १७० सेंटिमीटर, वजन ७१. डावा कान अधूनमधून ठणकतो, मग आजी त्यात लसूण घालून कडवलेलं तेल सोडते. शाळेत असताना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालंय. आणि पोलीस भरतीला जाऊन आलेला चुलतभाऊ म्हणतो की तुझे गुडघे घासतात, तुला दारातूनच परत पाठवतील. घरी शेती. खानदानात कोणी फौजेत नाही, त्यामुळे विचारायचं कोणाला हाच प्रश्न. ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरा सविस्तर लिहा, उपकार होतील.

केळीवाला_रावेर

काय भो, टेन्शन काबर ली ऱ्हायना? मेडिकलमा कोनी खाई नही टाकत. पहिले भोपाळ तं जाय!

(मला काहीच माहीत नाही, पण धागा वाचतोय. धाकट्या भावाने एनडीए (बारावीनंतर फौजेत अधिकारी व्हायची परीक्षा) भरलंय.)

पारोळ्याचे_नाना

चोपडेकर, मी सैन्याच्या मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो, सुभेदार म्हणून निवृत्त झालो. अशा पोरांच्या रांगा मी दुसऱ्या बाजूने भरपूर पाहिल्यात. बसून वाच.

पहिली गोष्ट. मेडिकलला मार्क नसतात. मेरिट लागते ती लेखी आणि एसएसबीच्या मार्कांवर. मेडिकलमध्ये फक्त फिट की अनफिट. त्यामुळे तिथे कोणावर छाप पाडायची नसते, जास्त कडक सॅल्यूट ठोकून कानातला मळ कमी होत नाही.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स होते, निकाल वाचतात, ज्यांचा चेस्ट नंबर (छातीवर लावलेला उमेदवाराचा नंबर) पुकारला ते थांबतात, बाकीचे त्याच दिवशी गाडी धरतात. थांबलेल्यांचं मेडिकल जवळच्या मिलिटरी हॉस्पिटलमध्ये. साधारण ३ ते ५ कामाचे दिवस लागतात, मध्ये शनिवार-रविवार आला की लांबतं. म्हणून परतीचं तिकीट आधी काढून ठेवू नका. आपल्याकडची पोरं हमखास हेच करतात, आणि मग हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून तिकीट रद्द करत असतात.

आधी एक जाडजूड फॉर्म भरायला देतात. घरात कोणाला साखर, दमा, फिट्स, मानसिक आजार, तुम्हाला आधी काय काय झालं, कोणती ऑपरेशनं, सगळं विचारलेलं असतं. त्याखाली तुमची सही असते. मग रक्त, लघवी, छातीचा आणि कमरेच्या मणक्याचा एक्स-रे, ईसीजी, पोटाची सोनोग्राफी. रक्ताला उपाशीपोटी आणि सोनोग्राफीला लघवी तुंबवून, त्यामुळे सकाळी पोरं बाटल्याच्या बाटल्या पाणी पिऊन रांगेत पाय घट्ट धरून उभी असतात. त्यानंतर एकेका तज्ज्ञाकडे: डोळे, कान-नाक-घसा, दात, सर्जन, फिजिशियन. मुलींना स्त्रीरोगतज्ज्ञ. शेवटी बोर्डाचे अध्यक्ष सगळे कागद समोर घेऊन प्रत्येकाला निकाल सांगतात.

सर्जनच्या खोलीबद्दल सगळे लाजून गप्प बसतात म्हणून मीच लिहितो. पूर्ण कपडे काढावे लागतात. उभं करून खोकायला लावतात, ते हर्निया बघायला. व्हेरिकोसील (अंडकोषाच्या फुगलेल्या शिरा), हायड्रोसील (अंडकोषाभोवती साठलेलं पाणी), अंडकोष खाली उतरलेत का, मूळव्याध, सगळं हाताने तपासतात. पुरुषांच्या छातीला गाठीसारखी वाढ आहे का तेही. मग दोन्ही हात तळवे पुढे करून सरळ खाली सोडायला सांगतात आणि कोपराशी प्लास्टिकचा कोनमापक लावतात. एक पाय दंडाच्या रेषेत, दुसरा मनगटाच्या. कोपरापासून हात बाहेर किती वळलाय ते अंशांत वाचतात. मुलांना १५ अंशांपर्यंत चालतं, मुलींना १८. मग टाचा-गुडघे जुळवून उभं राहायचं. गुडघे टेकले आणि घोट्यांमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहिली तर नॉक-नी. शेवटी चवड्यांवर उभं करतात. तळपाय सपाट दिसत असला तरी चवड्यांवर उभं राहिल्यावर कमान उठली तर हरकत नाही.

डॉक्टरांना हे रोजचं काम आहे. पाच मिनिटांत पुढचा. लाजून अंग चोरणारा पोरगा उलट जास्त वेळ आत राहतो.

चोपडेकर_सीडीएस

नाना, खूप आभार. आत्ता आरशासमोर उभा राहून बघितलं. गुडघे टेकतात, घोट्यांत तीन बोटं जातात. ते ५ सेंमीपेक्षा कमी की जास्त? आणि अपेंडिक्सचं लिहायचं की नाही? एका ग्रुपवर म्हणाले, जुनं ऑपरेशन लिहिलं की शंका वाढते.

पारोळ्याचे_नाना

बोटांनी मोजू नकोस, पट्टीने मोज. आणि ऑपरेशन लिहायचंच. पोटावर टाका दिसतोय, लपवणार कुठे? भरलेली जखम, हर्निया नाही, त्रास नाही, तर जुन्या अपेंडिक्सने कोणी काढत नाही. खोटं लिहिलं आणि सापडलं तर मात्र प्रकरण तब्येतीचं राहत नाही. सोबत जुनं डिस्चार्ज कार्ड असेल तर ने.

धुळ्याची_डॉक्टरीण

नानांनी क्रम बरोबर सांगितला. मी फिजिशियन आहे, सैन्यात नव्हते, पण भरतीच्या आधी तपासून घ्यायला येणारी मुलं दर हंगामात बघते. बहुतेकजण बोलावणं आल्यावर चार दिवसांनी येतात, तेव्हा फार काही करता येत नाही.

एक गोष्ट कोणी वाचतच नाही. यूपीएससीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं की उमेदवारांनी आधी स्वतःची तपासणी करून घ्यावी, आणि कशासाठी तेही: कानातला मळ, नाकाचं हाड वाकडं, हायड्रोसील, जास्त किंवा कमी वजन, छाती कमी, मूळव्याध, पुरुषांमध्ये वाढलेले स्तन, टॉन्सिल, व्हेरिकोसील. पेपर फुटलाय म्हणा ना. तरी मुलं तिथे जाऊन मळासाठी अडकतात.

चोपडेकर, तुझं एकेक घेते.

डोळे. आयएमएला पदवीनंतरच्या प्रवेशात उणे ३.५ च्या आतला नंबर चालतो (त्यात सिलिंड्रिकल धरून), चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसायला हवं. तुझा नंबर बसतो. पण एनडीएला मर्यादा उणे २.५ च्या आत आहे आणि तिथे लॅसिक (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) चालत नाही, तेव्हा रावेरच्या धाकट्या बंधूंनी वेगळं वाचावं. पदवीधरांना लॅसिक चालतं, पण वयाची २० वर्षं झाल्यावर केलेलं असावं, होऊन किमान १२ महिने झालेले असावेत आणि कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची) जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नको. तुला त्याची गरजच नाही, उगाच पन्नास हजार घालू नकोस. लेन्स लावत असशील तर आधी काही दिवस बंद कर, चष्मा आणि नंबरचा ताजा कागद सोबत ठेव. तिथे बाहुली मोठी करायचे थेंब टाकतात, नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं. त्या दिवशी दुसरं काही वाचायचं काम ठेवू नकोस.

कान. आजीला माझा नमस्कार सांग आणि तेल बंद कर. तेलाने आधीच ओला असलेला कान आणखी बुरशी धरतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून मळ काढून घे आणि पडद्याला छिद्र नाही ना ते बघून घे. पडदा ठीक असेल तर काही दिवसांचं औषध, प्रश्न मिटला. ऐकण्याची चाचणी मोठ्या यंत्रात होत नाही. तुला पाठ करून उभं करतात, एका कानाशी आवाज केला जातो म्हणजे तो बाद होतो, आणि ६१० सेंटिमीटरवरून, म्हणजे २० फुटांवरून, दबक्या कुजबुजीत शब्द किंवा आकडे बोलतात. तू ते तसेच परत बोलायचे. मग दुसरा कान. मळाने भरलेल्या कानाला "सत्तावीस" आणि "सदतीस" सारखंच वाटतं.

वजन. इथे तुझं काम आहे. उंची-वय-वजनाचा तक्ता असतो. १७० सेंमीला १७ ते २० वर्षांच्या मुलाला वर ६३.६ किलो, २० ते ३० ला ६६.५ किलो, आणि खाली ५३.१. राष्ट्रीय पातळीवर कुस्ती, बॉक्सिंग असं काही खेळला असेल आणि कागद असतील तर वर जायला वाव असतो. तू ७१ वर आहेस. आमरस-पोळीचे दिवस तोंडावर आहेत, माझ्या शेजारणीसारखं "पोरगा फौजेत चाललाय, खाऊ दे" म्हणणारी आई असेल तर तिला हा प्रतिसाद वाचून दाखव. पण शेवटच्या आठवड्यात उपाशी राहून, पाणी तोडून वजन उतरवू नकोस. नाडी वाढते, रक्त घट्ट दिसतं, लघवीत भलतंच काही येतं आणि एकाच्या जागी तीन शेरे पडतात.

गुडघे. मांडीत उशी धरून करायचे जे व्यायाम मोबाइलवर फिरतात ते हाड सरळ करत नाहीत. वजन उतरलं तर मांड्यांची चरबी कमी होऊन गुडघे टेकायचे थांबतात, तेवढा फरक कधी कधी दिसतो. पट्टीने मोजून सांग.

रक्तदाब. १४०/९० किंवा वर गेला की अडतं, पण एकाच मापावर निकाल लावत नाहीत. आराम करवून पुन्हा मोजतात, शंका असेल तर २४ तास यंत्र लावतात. डॉक्टरचा कोट बघून वाढणारा दाब त्यात उघडा पडतो. मित्राने दिलेली नाडी हळू करायची गोळी घेऊन जाऊ नका. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते, आणि २२ वर्षांच्या पोराची नाडी शर्यतीच्या तोंडावर पन्नासवर बघून डॉक्टरला काय वाटतं ते मी सांगायला नको.

आणि मुतखडा. सोनोग्राफीत मूत्रपिंडात खडा दिसला, कितीही लहान, तर अनफिट. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत शेतात आणि मैदानावर पळणाऱ्या मुलांनी पाणी कमी प्यायलं तर दुसरं काय होणार. इथल्या इथे एक सोनोग्राफी करून घे, सिव्हिलला केली तर फार खर्चही नाही.

केळीवाला_रावेर

ताई, पेपर फुटलाय हे आवडलं. जाहिरातीची ती पानं धाकट्याच्या टेबलावर चिकटवतो. आणि त्याचा नंबर उणे २.७५ आहे. घरी सांगू का नको असं झालंय.

धुळ्याची_डॉक्टरीण

सांगा. १८ व्या वर्षी कळणं २२ व्या वर्षी कळण्यापेक्षा बरं. पुन्हा एकदा नीट नंबर तपासून घ्या, पाव-अर्धा डायॉप्टर फरक पडतो मशीन-मशीनमध्ये. तेवढाच निघाला तर पदवी करून सीडीएस आहेच.

पाचोऱ्याचा_फौजी

हा धागा मला बारा-तेरा वर्षं आधी मिळायला हवा होता. मी शॉर्ट सर्व्हिस (ठरावीक वर्षांचीच अधिकाऱ्याची नोकरी) करून बाहेर आलोय. माझ्या मेडिकलमध्ये दोन शेरे पडले होते, व्हेरिकोसील आणि वजन. दोन्ही टेम्पररी.

टेम्पररी आणि पर्मनंट हे नीट समजून घ्या, कारण त्या दिवशी डोकं बधिर झालेलं असतं आणि कोण काय सांगतंय ते कळत नाही. टेम्पररी म्हणजे दुरुस्त होईल असं काहीतरी. पर्मनंट म्हणजे बोर्डाच्या मते नाही होणार. पण दोन्हींना अपील आहे. पहिलं स्पेशल मेडिकल बोर्ड, त्याच्यापासून ४२ दिवसांच्या आत अपील मेडिकल बोर्ड. ते दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये होतं, पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा दिल्लीचं बेस हॉस्पिटल अशा मोठ्या ठिकाणी. अध्यक्ष सही करून घेतात, कागद देतात, कुठे जायचं ते त्यावर असतं. तो कागद जिवापाड सांभाळा. ४२ दिवसांत गेला नाहीत तर पहिला निकाल कायम, मग कितीही रडा.

मी भोवळ आल्यासारखा बाहेर आलो. माझ्या बाजूला एक हरियाणाचा पोरगा पर्मनंट घेऊन शांत बसला होता. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, तुझं तर ऑपरेशनने जातंय, तू कशाला तोंड पाडतोस. घरी आलो, आठवड्याच्या आत ऑपरेशन करून घेतलं, सर्जनला आधीच सांगितलं की मला अमुक तारखेला बोर्डासमोर उभं राहायचंय. त्यांनी त्या हिशेबाने तारीख धरली. वजनासाठी फक्त चालणं, कारण पळायला बंदी. भाकरी, कळण्याची, एक वेळ, आणि शेवभाजी पूर्ण बंद. पाचोऱ्यात राहून शेवभाजी बंद हे ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं.

अपीलला ज्या मुद्द्यावर अडवलंय तोच मुद्दा त्या विषयाचा तज्ज्ञ बघतो. फिट मिळालं.

अजून एक, सगळ्यांना. हर्नियाचं ऑपरेशन असेल तर ते आधीच करा. त्यानंतर ६ महिने जावे लागतात, ४२ दिवसांत ते बसत नाही.

शिरपूरची_लेक

मुलींबद्दल कोणी लिहीतच नाही. मी बारावीला आहे, एनडीए देतेय. मे २०२५ मध्ये एनडीएतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या तेव्हापासून घरच्यांनी हो म्हटलंय. पण मम्मीला एकच काळजी, तपासायला पुरुष डॉक्टर असतो का? आणि माझं हिमोग्लोबिन १०.८ आहे.

धुळ्याची_डॉक्टरीण

मम्मीला सांग, मुलींची अंगाची तपासणी महिला डॉक्टर करतात, किंवा महिला कर्मचारी हजर असते. एकटीला पुरुषासमोर उभं करत नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञ पाळीचा इतिहास विचारतात, सोनोग्राफीत गर्भाशय आणि अंडाशय बघतात. अंडाशयात लहान साधी पाण्याची गाठ दिसली म्हणून लगेच काढून टाकत नाहीत. ज्यांना पीसीओडीचं निदान झालंय त्यांनी घाबरून औषधं बंद करायची नाहीत, कागद घेऊन जायचे.

हिमोग्लोबिन मात्र आत्ताच धर. मुलींना ११.५ च्या वर हवं, मुलांना १३ च्या वर. जास्तही नको, मुलांना १६.५ च्या वर गेलं तर तेही शेरा. १०.८ भरून काढायला महिने लागतात. आधी कमी का आहे ते तपास: पाळीत जास्त जातं का, जंत आहेत का. आणि गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. उंची मुलींना १५२ सेंटिमीटर लागते. वैमानिक व्हायचंय का? मग उंची १६२.५ आणि पायाची, मांडीची, बसल्यावरची उंची वेगळी मोजतात: पाय ९९ ते १२० सेंमी, मांडी ६४ पर्यंत, बसलेली उंची ८१.५ ते ९६. विमानाच्या कॉकपिटमध्ये माणूस मावायला हवा म्हणून हे.

शिरपूरची_लेक

वैमानिक नाही, आर्मी. थँक्यू ताई. मम्मीला वाचून दाखवलं, ती म्हणाली "बरं मग." एवढंच पण तिच्या तोंडून मोठं आहे.

सातपुडा_धडगाव

मी पावरा आदिवासी आहे. आमच्याकडे हातावर, कपाळावर गोंदण लहानपणीच होतं. नंदुरबारला एका क्लासमध्ये सरांनी सांगितलं, गोंदण असलेल्याने अधिकारी व्हायचं स्वप्न सोडा. खरं का?

पारोळ्याचे_नाना

त्या सरांनी जाहिरात वाचलेली नाही. सर्वांसाठी नियम असा की कायमचं गोंदण कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, आणि हाताच्या पंज्याच्या मागच्या बाजूला चालतं. बाकी ठिकाणी नाही. पण अनुसूचित जमातीच्या उमेदवारांना, त्यांच्या जमातीच्या रूढीप्रमाणे, इतर ठिकाणचं गोंदणही चालतं. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, जमातीचं आणि रूढी खरी असल्याचं. ते आधी काढून ठेव, कारण प्रांताच्या कार्यालयात एका फेरीत काम होत नाही हे तुला मी काय सांगू.

आणि कृपा करून आता नवीन काही गोंदवू नकोस. छातीवर "माँ" लिहून आलेली पोरं मी बघितलीत. आई घरी चांगली होती.

धुळ्याची_डॉक्टरीण

धडगाव, अजून एक सांगते, आणि हे अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, साक्री सगळीकडच्या मुलांना. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकायचा आनुवंशिक आजार) आहे, तुम्हाला शाळेत बोटातून रक्त घेऊन तपासलं असेल. सिकलसेल आजार आणि थॅलेसेमिया हे अनफिटच्या यादीत आहेत, थॅलेसेमिया (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) तर मायनर, म्हणजे सौम्यसुद्धा. ही चाचणी सरकारी रुग्णालयात फुकट होते. घरात कोणाला असेल तर आधी करून घे. माहीत नसताना डेहराडूनच्या डोंगरात वीस किलोमीटर पळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं. त्या आजारात ताण, पाणी कमी आणि डोंगराची उंची या तिन्ही गोष्टी घातक असतात, म्हणून तो नियम आहे.

सातपुडा_धडगाव

शाळेत तपासलं होतं, नाही असं आलं होतं. कार्ड शोधतो. नाना, प्रमाणपत्राचं उद्याच बघतो.

दिल्ली_रिटर्न

एवढं कशाला डोकं लावता. अपीलला दिल्लीत माणसं आहेत, पैसे दिले की फिट. माझ्या ओळखीत एकाचं झालंय. इच्छुकांनी मेसेज करा.

पारोळ्याचे_नाना

ऐक. फिट होणाऱ्यांपैकी बरेच जण तसेही फिट होणारच असतात. तू दहा जणांकडून पैसे घेतोस, त्यातले चार आपोआप होतात, त्या चारांचे पैसे ठेवतोस आणि सहांना "साहेब बदलले" म्हणतोस. मी ही दुकानदारी हॉस्पिटलच्या गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर पाहिली आहे. ज्याच्याकडून मागणी आली त्याने सरळ पोलिसात जावं. संयोजक, हा प्रतिसाद ठेवा, नंबर मात्र उडवा.

संयोजक

नंबर काढला आहे. खातं बंद केलं आहे.

अमळनेरकर

थोडी वेगळी बाजू. मी रेकमेंड झालो होतो. डोळ्यांच्या खोलीत रंगीत ठिपक्यांचं पुस्तक समोर आलं, इशिहारा. पहिलं पान सगळ्यांना दिसतं, १२. तिसऱ्या-चौथ्या पानावर माझ्या शेजारचा धडाधड आकडे वाचत होता आणि मला नुसते ठिपके. डॉक्टरांनी पुस्तक उजेडाकडे धरलं, मागची पानं पुढे घेतली, शांतपणे दोनदा विचारलं. घाई केली नाही. हिरव्या-लालमधला फरक माझ्या डोळ्यांना जन्मापासून कमी दिसतो हे मला त्या खोलीत कळलं. पिकलेला आणि कच्चा टोमॅटो मी कायम हात लावून ओळखत आलो होतो, कोणाच्या लक्षातच आलं नाही.

अपील केलं. पुन्हा तेच. त्याच्या पुढे रिव्ह्यू मेडिकल बोर्ड असतं, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल आर अँड आर किंवा पुण्याचं एएफएमसी (सैन्याचं मेडिकल कॉलेज). पण तो हक्क नाही. अपील बोर्डानंतर एका दिवसात अर्ज करावा लागतो, आणि द्यायचं की नाही ते वरून ठरतं. मी अर्ज केला नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, हे बदलणारं नाही. आता बँकेत आहे.

म्हणून चोपडेकर, आणि रावेरचे धाकटे, नेत्रतज्ज्ञाकडे जाल तेव्हा ते पुस्तक मागून बघा. पाच मिनिटं लागतात. मला कोणी सांगितलं नव्हतं.

पाचोऱ्याचा_फौजी

अमळनेरकर दादा, हे लिहिल्याबद्दल आभार. रंगांची चाचणी आधी करायची हे मलाही कोणी सांगितलं नव्हतं.

दातांचं राहिलं. ते दातांना गुण देतात, १४ तरी हवेत. किडलेले भरून घ्या, पायरियासाठी सफाई करून घ्या. गुटखा खाणाऱ्याचं तोंड पूर्ण उघडत नाही, तिथेच पकडला जातो. आपल्याकडची पोरं दहावीपासून पुड्या फोडतात, त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

चोपडेकर_सीडीएस

अपडेट. जळगावला कान दाखवला. मळ होता आणि तेलामुळे बुरशी, पडदा ठीक. औषध चालू. आजी रुसली आहे. इशिहारा सगळं वाचलं. सोनोग्राफी साफ. घोट्यांमध्ये पट्टीने ४ सेंमी. कोपराचा कोन डॉक्टरांनी मोजला, १२. वजन ६९ वर आलंय, अजून खाली आणायचंय.

मणक्याच्या एक्स-रेचं मात्र कळलं नाही. तोही आधी काढायचा का?

धुळ्याची_डॉक्टरीण

कंबर दुखत नसेल तर नको. मणक्यातले जन्मजात फरक आधी कळून तू काय दुरुस्त करणार? उगाच घाबरशील. कमरेचा सर्वांत खालचा मणका एका बाजूने त्याखालच्या त्रिकोणी हाडाला (त्रिकास्थी) जुळलेला असेल तर अनफिट धरतात, दोन्ही बाजूंनी पूर्ण जुळला असेल तर चालतं. असं विचित्र वाटणारं बरंच आहे त्यात. एका बाजूला ओढ पडून पुढे कंबर धरू शकते म्हणून. ज्यावर उपाय आहे ते आधी बघ, ज्यावर नाही ते बोर्डावर सोड.

पारोळ्याचे_नाना

४ सेंमी आणि १२ अंश. चुलतभावाला सांग, पुढच्या वेळी पट्टी घेऊन बोल. नेताना मूळ ओळखपत्र, भरपूर पासपोर्ट फोटो, चष्म्याचा कागद, अपेंडिक्सचं कार्ड. आणि अंतर्वस्त्रं धड, स्वच्छ, जास्तीची. हसू नको, हे सगळे विसरतात.

केळीवाला_रावेर

चोपडेकर, तिकीट काढलं का? आणि कोणत्या गाडीने?

चोपडेकर_सीडीएस

भुसावळहून पंजाब मेल, भोपाळपर्यंत. जायचंच काढलं. परतीचं नाही काढलं.

केळीवाला_रावेर

मग भुसावळ स्टेशनवर भेटतो. केळी आणतो, पण रिपोर्ट होईपर्यंत दोनच खाय, वजननी हद्द ६६.५ शे!

शिरपूरची_लेक

दादा, आल्यावर मुलींच्या रांगेचं काय दिसलं तेही लिहा.